पुढची जागा

१

ऑरिन टेनीला सकाळी उठायचं म्हणजे आधी गुडघ्यांची मनधरणी करावी लागे, मग पाठीची. ती राजी झाली की तो ओट शिजवायचा, बायकोच्या गोळ्या काढून बशीत ठेवायचा आणि मागच्या शेडमध्ये जायचा. युरेनियमच्या खाणीवर वेल्डिंग करण्यात जन्म गेला. आता माणसानं रविवारी चर्चला जावं, बाकीचे दिवस ओसरीवर बसून नातवंडांवर ओरडावं. हा बाबा रोज सकाळी शेडचं पत्र्याचं दार सरकवायचा आणि एका ट्रकच्या सांगाड्याखाली जाऊन पडायचा. हौस म्हणाल तर ती कधीच संपली होती. उरली होती घाई.

घाई लारूच्या डोळ्यांची. लारू म्हणजे त्याची बायको. तिच्या नजरेचं मधलं गेलं होतं आणि कडा तेवढ्या शिल्लक होत्या. समोर बघितलं की जे बघायचं असेल नेमका त्यावर करडा डाग. नवऱ्याचं तोंड बघायचं तर तिला त्याच्या कानाकडे बघावं लागे. कडाही फार दिवसांच्या सोबती नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तेव्हा ती रडली नाही. परतीच्या वाटेवर म्हणाली, "ऑरिन, मला एकदा केटल कड्यावर ने. आपण गेलो होतो तसल्या गाडीतून."

लग्न झालं त्या वर्षी तो खाणीवरचा ट्रक एका दिवसासाठी मागून तिला कड्यावर घेऊन गेला होता. नाक नसलेला ट्रक. केबिन थेट पुढच्या चाकांवर, पुढे बॉनेट नाही, काही नाही. गुडघ्यापुढे काच आणि काचेपुढे जग. नंतर मुलं झाली, खाणीतल्या पाळ्या आल्या, बापाचं आजारपण आलं, आणि कडा राहून गेला. येत्या हिवाळ्यात बर्फ पडला की वरचा रस्ता बंद होणार. रस्ता उघडेपर्यंत लारूचे डोळे राहतील का, हे ना डॉक्टरांनी सांगितलं, ना त्यानं विचारलं.

तसला ट्रक आता कोण विकतं? एका मेंढपाळाच्या रानात नुसती केबिन पडलेली मिळाली. केबिन कुणाची, कोण चालवायचं, हे ऑरिननं विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत. समोरच्यानं फाटक उघडलं की उचलायचं आणि आभार मानून निघायचं. खालची चासी तशीच न विचारता दुसरीकडून आणली, एक्सल तिसरीकडून आणि इंजिन एका बुडालेल्या शेतकी पंपाचं.

केबिन मात्र त्यानं पुढच्या चाकांवर बसवली नाही, दीड हात मागे घेतली. असले ट्रक पुढून जड. उतारावर ब्रेक मारला की शेपूट उचलतात. शेजारी बसणार लारू, मग कशाला जिवाशी खेळ! पुढे मोकळ्या राहिलेल्या जागी त्यानं सपाट पत्रा मारला. उभं राहून काच पुसायला बरा.

घोळ झाला तो पेडलांचा. क्लच आणि ब्रेकची मूळ पेडलं चासीच्या अगदी पुढच्या टोकाला बसवलेली, जुनी, पण अजून घट्ट. ती कापायला त्याचा हात होईना. त्यानं ती तिथेच ठेवली आणि त्यांच्यापासून मागे केबिनपर्यंत लांब रॉड ओढून आत दुसरी पेडलं जोडली.

त्याचा मित्र थेरॉन बॅगली हे बघून पोट धरून हसला. "अरे लेका, पेडल अंगणात आणि माणूस घरात! काप ना ती. नवी सिस्टीम मागव, आत बसव, सुटलास."

"एकदा कापलं की कापलं. मग ओरिजिनल काय राहिलं?"

"ओरिजिनल! गाडीचं धड एकाचं, पाय दुसऱ्याचे, पोट तिसऱ्याचं, आणि हा पेडलाचं सोवळं पाळतोय." थेरॉननं टोपी मागे सारली. "तुझा ट्रक उभा राहायच्या आत मी तुझ्या मयताचे बटाटे खाणार बघ."

आमच्या गावात कुणी गेलं की शेजारणी चीज घातलेले बटाटे भाजून आणतात. थेरॉन प्रत्येक मयताला दोनदा वाढून घेतो.

२

पुढच्या पत्र्याला ऑरिननं संध्याकाळी रंगाआधीचा करडा प्रायमर मारला आणि दार ओढून घेतलं. सकाळी बघतो तर प्रायमरवर दोन जागी घासलेलं. टाच टेकवून पाय पुढेमागे केला की पडतं तसं. एक डाग मूळ क्लचच्या मागे, एक ब्रेकच्या मागे.

"थेरॉन, माकडा," तो स्वतःशीच म्हणाला, आणि पुन्हा हात मारला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थेरॉन तर मुलीकडे सॉल्ट लेक शहरात गेलेला. मग मांजर असेल. मांजराला टाचा कुठून येणार? मग आपलाच पाय लागला असेल, काच बसवून बघताना, लक्षात नसेल. या वयात लक्षात काय काय राहतं? काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता.

माणूस थकला की त्याला कुठलंही उत्तर चालतं, फक्त ते जवळ पडलेलं असावं. ऑरिननं हे उचललं, प्रायमरचा तिसरा हात मारला आणि मागच्या चाकांकडे गेला.

प्रायमर वाळला तसे डाग थांबले. त्याला हायसं वाटलं. मग एकदा पत्रा पुसताना त्याचं मूळ पेडलांच्या रबराकडे लक्ष गेलं. नवं रबर त्यानं नुकतंच चढवलं होतं, दिसायला बरं दिसावं म्हणून. ट्रक अजून जागचा हललेला नव्हता, आणि ब्रेकच्या रबराची उजवी कड झिजून गुळगुळीत झाली होती.

३

ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली पडून चाकाजवळचं निपल, म्हणजे तेलाची बारीक तोटी, उघडायचं. खालचा म्हणतो "दाब", वरचा दाबून म्हणतो "धरलं". खालचा निपल उघडतो, बुडबुडे निघतात, बंद करतो, म्हणतो "सोड". हे चाकामागून चाक करत राहायचं. कंटाळवाणं काम, पण चुकलं तर उतारावर देव आठवतो.

थेरॉन परत आला होता. भर दुपारी तो केबिनमध्ये चढून बसला, ऑरिन खाली घुसला. पहिलं चाक बडबडीतच गेलं. थेरॉन "धरलं" म्हणायचा आणि त्याला जोडून जावयाची एक तक्रार सांगायचा.

दुसऱ्या चाकापासून तो गप्प झाला. ऑरिनला बरंच वाटलं. "दाब" म्हटलं की दाबलं जात होतं आणि "सोड" म्हटलं की सुटत होतं. झटका नाही, घाई नाही. थेरॉनचा पाय म्हणजे रेड्याची लाथ. आज एवढा समंजस कसा झाला? दाब, सोड. दाब, सोड. तेल स्वच्छ यायला लागलं. डोळे मिटावेत इतकं सुरळीत चाललं होतं.

मग त्याच्या कानानं एक गोष्ट पकडली. केबिनमधलं पेडल दाबलं की आधी मागचा सांधा टिक करायचा, रॉड ताणला जायचा आणि मग पुढचा सांधा वाजायचा. आधी मागे, मग पुढे. ते रॉड त्यानं स्वतः घडवले होते, त्यांचा आवाज त्याला घरच्या दारासारखा पाठ होता. आता पुढचा सांधा आधी वाजत होता.

"थेरॉन?"

त्यानं निपल बंद केलं.

"दाब," तो म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढे टिक झालं. मग मागे.

तो सरपटत बाहेर आला तेव्हा कोपर सोलवटलं. केबिन रिकामी. पुढच्या पत्र्यावर ऊन पडलेलं, दुसरं काही नाही. ब्रेकचं मूळ पेडल खालीच होतं, दाबून धरलेलं. तो बघत असताना ते सावकाश वर आलं. त्यानं "सोड" म्हटलं नव्हतं.

घरात थेरॉन टेबलाशी बसून बरणीतले पीच खात होता.

"झाली का रे हवा काढून? मला वाटलं तू ट्रकखालीच झोपलास. हाक मारली, ओ नाही."

"कधी आलास तू इकडे?"

"केव्हाचा आलाय," लारू त्याच्या कानाच्या दिशेनं बघत म्हणाली. "ही दुसरी वाटी चाललीय. असा काय पांढरा पडलास? बस आधी."

ऑरिन बसला. जुन्या ब्रेकमध्ये दाब अडकून राहतो, असं तो म्हणाला. थेरॉननं मान डोलावली. दोघांनीही आयुष्यात ढीगभर ब्रेक दुरुस्त केले होते. असा दाब अडकत नसतो, हे दोघांनाही माहीत होतं.

थेरॉन त्यानंतर शेडमध्ये आला नाही. आधी पाठ धरली म्हणाला, मग पायांत गोळे येतात म्हणाला. आला की ओसरीवरच बसे.

४

ऑरिननं लोखंड कापायचा ग्राइंडर काढला.

मूळ पेडलं कापायची म्हणजे आतली पेडलंही गेली. मग नवी सिस्टीम मागवायची, ती येईपर्यंत बर्फ. म्हणजे यंदा कडा नाही. आणि यंदा नाही म्हणजे... पुढचं त्यानं मनात येऊ दिलं नाही. तो पत्र्यावर गुडघे टेकून बसला, चष्मा लावला. ग्राइंडर इतका जड वाटला की दोन्ही हातांनी धरावा लागला. आपण भितो आहोत, हे त्यानं स्वतःशी कबूल केलं. या वयात भीतीची लाज कसली वाटायची? त्यानं ग्राइंडर एकदा फिरवून बघितला.

"इतका काय तो आवाज!" लारू दारात उभी होती. भिंतीला हात लावत ती आली आणि त्यानं नको म्हणायच्या आत तिच्या बाजूचं दार उघडून वर चढून बसली. "अगं बाई, ही सीट छान झाली की रे."

"उतर लारू, अजून वायरिंग व्हायचंय."

ती उतरली नाही. ती सरळ समोर बघत होती. गेल्या वर्षभरात तिनं सरळ समोर बघितलं नव्हतं. बघून उपयोग काय होता?

"ऑरिन, त्या भिंतीवर तुझं खाणीतलं हेल्मेट आहे."

"आहे. वर्षानुवर्षं आहे."

"त्याच्याखाली कोळी आहे. पायाला धूळ लागलीय त्याच्या. आत्ता निघाला... खिळ्याकडे चालला."

ऑरिननं वळून बघितलं. कोळी खिळ्याकडे चालला होता.

"डाग गेला," ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "इथे बसल्यावर डाग नाही रे! मला सगळं समोरचं दिसतंय. तुझ्या शेडमध्ये केवढी घाण आहे!"

ती हसली, मग रडली आणि पुन्हा हसली. ऑरिनच्या हातातला ग्राइंडर खाली गेला. बायकोला दिसतंय म्हटल्यावर कुठला नवरा पातं फिरवेल?

ती घरात गेल्यावर तो तिच्या जागी बसून बघायला गेला. हेल्मेट दिसत होतं. त्याच्याखालची भिंत मात्र औजारांच्या कपाटाआड जात होती. कोळी, खिळा, काही दिसेना. तो पुढे वाकला, कपाळ काचेला टेकलं, तरी दिसेना. मग उतरून पुढच्या पत्र्यावर जाऊन उभा राहिला. काचेपासून दीड हात पुढे. तिथून सगळं दिसलं.

तो तिथे उभा राहिला फार तर क्षणभर. ती जागा गरम होती.

५

ऑक्टोबर सरता सरता ते निघाले, उजाडल्यावर, भाकरीसारखा कडक पाव, उकडलेली अंडी आणि थर्मासमध्ये सूप घेऊन. आदल्या दिवशी शेजारच्या, चर्चमधल्या ब्रदर ऑलरेडनं ट्रकवर हात ठेवून प्रार्थना म्हटली. थेरॉन लांबूनच म्हणाला, "जपून जा रे. बटाट्यांचं मी गमतीनं म्हणालो होतो."

सीटवर बसल्यापासून लारूची टकळी चालू. बाभळीसारखी खुरटी झुडपं, तारेवर बसलेला ससाणा, लांबच्या कुणाच्या तरी शेळ्या. "तो बघ, तो बघ!" ऑरिनच्या पायांत, पाठीत, खांद्यांत कळा येत होत्या. तिचा आवाज ऐकून त्यांचं काही वाटेना. एवढ्यासाठीच तर सगळं केलं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते खोटं नव्हतं.

ट्रक चालत होता झकास. नको तितका झकास. वळण आलं की त्यानं ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी पेडल खाली जायला सुरुवात झालेली असायची. त्यानं दाबायचं ते नुसतं नावाला. एकदा त्यानं पाय उचलूनच धरला. ट्रक वळणावर हळू झाला, वळला आणि पुन्हा वेगात आला.

त्यानं पाय परत ठेवला. कुणाला सांगणार? बाजूला बघितलं तर लारूच्या तोंडावर ऊन आलेलं, डोळे टक्क उघडे, आणि ती सुखात होती. मागे फिरवू का गाडी, असा प्रश्न त्याच्या जिभेवर आला आणि तसाच घशात गेला.

शेवटच्या चढावर सूर्य समोर आला आणि काच नुसती पेटली. त्या झगझगाटात त्याला काचेपलीकडे एक मान दिसली. पाठीमागून. कॉलर, तिच्यावर उन्हानं रापलेला मानेचा पट्टा, कानाची पाळी, तिच्यातून ऊन आरपार येऊन ती लाल झालेली. चांगल्या भरल्या खांद्यांचा कुणी माणूस त्याच्यापुढे बसून चढाकडे बघत होता.

प्रतिबिंब, ऑरिन मनात म्हणाला. काचेत प्रतिबिंब दिसतंच.

रस्ता वळला, सूर्य बाजूला गेला, काच रिकामी झाली. काचेत माणसाला आपलं तोंड दिसतं, पाठमोरी मान दिसत नाही. ही अक्कल त्याला पुढच्या वळणावर आली. पण तिथे गाडी फिरवायला जागा नव्हती.

६

कड्याच्या अलीकडे त्यानं ट्रक थांबवला. चांगलं अंतर राखून. पुढे उतरती लाल शिळा, मग पोकळी आणि पोकळीपलीकडे समोरची भिंत. खालचं काही इथून दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं. त्यासाठी शिळेच्या टोकाला जाऊन पालथं पडावं लागतं. त्यानं इंजिन बंद केलं, गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला. तरीही ब्रेकवरचा पाय काढला नाही.

वारा पडला होता. लोखंड थंड होताना होणारी टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"आई गं," लारू म्हणाली.

"दिसतंय?"

"नदी केवढीशी झालीय रे. हिरवी. मध्ये वाळूचं बेट आहे, त्यावर दोन हरणं पाणी पितायत. एक पिल्लू आहे." ती पुढे वाकून खाली बघत होती, थेट आपल्या पायांखाली. "अगदी आपल्या खाली आहे नदी."

ऑरिननं स्टिअरिंग घट्ट धरलं. "लारू, आपण इथून उतरू. चल, चालत जाऊ टोकाला. मी हात धरतो."

"आत्ताच तर आलोय."

पुढे टिक झालं. मग मागे. क्लचचं पेडल त्याच्या पायाशेजारी आपणहून खाली गेलं. गिअरची पकड सुटली आणि ट्रक पावलाएवढा पुढे सरकून ब्रेकवर अडला. हँडब्रेक होता तसाच ओढलेला होता. काही धरत नव्हता.

त्यानं दुसरा पायही ब्रेकवर रोवला. पाठ सीटला लावून सगळा भार दिला. हात मोकळा करून तिचं दार उघडायचं तर अंग सरकवावं लागणार, अंग सरकवलं तर पायातलं बळ जाणार.

"लारू, दार उघड. उतर खाली. ऐक माझं, उतर!"

तिनं हात उचलला. दाराकडे नाही, त्याच्याकडेही नाही. तिनं तो सरळ पुढे नेला आणि तळवा काचेवर ठेवला. खाणीतली पाळी संपवून ऑरिन घरी यायचा तेव्हा ती मागे उभी राहून त्याची मान चोळून द्यायची, तशी तिची बोटं काचेवर फिरायला लागली.

"किती वर्षांनी मान सैल सोडलीस रे," ती समोर बघत म्हणाली. "बरा दिसतोस. असाच राहा." मग लाडानं, थोडं दटावून म्हणाली, "आता तो ब्रेकवरचा पायही काढ. दमला असशील."

त्याच्या दोन्ही पायांखाली पेडल वर यायला लागलं. जोरात नाही, घाईनं नाही. समंजसपणे.

"मी इकडे आहे, लारू," ऑरिन ओरडला. "अगं, मी इकडे आहे!"

ती त्याच्या शेजारीच बसली होती. तिनं मागे वळून बघितलं नाही.